ग्रांड आयलंडची बोट: आधी पाण्यात, मग पार्टीत

कळंगुटला रस्त्याच्या कडेला छत्रीखाली टेबल टाकून बसलेला पोरगा लॅमिनेट केलेला कागद पुढे सरकवतो. त्यावर सगळं एका दमात लिहिलेलं असतं: डॉल्फिन, स्नॉर्केलिंग (पाण्यावर तरंगत, नळीने श्वास घेत खाली बघणं), गळ टाकून मासेमारी, बार्बेक्यू जेवण, बिअर, डीजे, हॉटेलवरून ने-आण. ही ग्रांड आयलंडची ट्रिप. गोव्याला जाणाऱ्या प्रत्येक मित्रमंडळात कुणीतरी ती करून आलेलं असतं आणि आल्यावर दोनपैकी एक काहीतरी सांगतं. एक, "काय धमाल आली!" दोन, "पाण्यात काही दिसलंच नाही, वर बोट लागली." गंमत म्हणजे हे दोघं बहुधा एकाच बोटीवर असतात.

पहिल्या खेपेला मी दुसऱ्या जातीचा होतो. नऊला बोट सुटली, साडेनऊला हातात बिअर आली. पैशांत धरलेली आहे, सोडायची कशाला, म्हणून घेतली. अकराला पाण्यात उतरलो तोवर डोकं जड झालं होतं, मिशीच्या फटीतून मास्कमध्ये पाणी शिरत होतं आणि पाचव्या मिनिटाला मी शिडी धरून वर यायला धडपडत होतो. त्याच बोटीवर आमच्या मित्राचे काका होते. वय बासष्ट, पोहता अजिबात येत नाही. सकाळी चहा आणि दोन केळी एवढ्यावर आलेले. ते चाळीस मिनिटं पाण्यावर पालथे पडून होते आणि वर आल्यावर तासभर फक्त माशांबद्दल बोलत होते. त्यानंतर मी तीनदा गेलो, दर वेळी काकांच्या पद्धतीने. खाली आहे ती तीच पद्धत.

आधी नकाशा

ग्रांड आयलंड हे मुरगावच्या, म्हणजे वास्कोच्या बाजूला समुद्रात असलेलं बेट आहे. पण बहुतेक स्वस्त पॅकेजच्या बोटी उत्तरेकडून, नेरूळच्या कोको बीचवरून किंवा सिकेरीच्या बाजूने सुटतात, कारण गिऱ्हाईक कळंगुट-बागाला राहतं. म्हणजे बोट आधी मांडवीचं मुख ओलांडते, काबोचं टोक डावीकडे ठेवत झुआरीचं मुख ओलांडते, मुरगाव बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांच्या बाजूने जाते आणि मग बेट येतं. संथ बोटीला यात तासभर सहज जातो. दोन्ही नद्यांच्या मुखाशी पाणी जरा उसळतं. ज्यांना बोट लागते त्यांना ती इथेच लागते.

वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरून किंवा बोगमाळोहून निघालात तर बेट बरंच जवळ पडतं. दक्षिण गोव्यात उतरला असाल किंवा बरोबर वयस्कर माणसं असतील तर मी डोळे झाकून हा पर्याय घेईन. आग्वादचा किल्ला समुद्रातून दिसणार नाही एवढंच. १६१२ सालचा किल्ला आहे, तो संध्याकाळी गाडीने जाऊनही दिसतो.

पणजीच्या सांता मोनिका जेटीवरून संध्याकाळी निघते ती मांडवीतली क्रूझ. नाचगाणं असतं, दिवे असतात, पण पाण्यात उतरणं नसतं. "बोटीची पार्टी" एवढंच म्हटलंत तर एजंट तिचंही तिकीट हातात ठेवील, म्हणून बेटाचं नाव घेऊन विचारा.

कुठला दिवस निवडायचा

पावसाळ्यात हा प्रकार बंद असतो. ऑक्टोबरात बोटी सुरू होतात, पण नद्यांनी आणलेला गाळ तेव्हा पुरता बसलेला नसतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सगळ्यात बरे. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वारा उठतो आणि परतीचा प्रवास दणके खात होतो.

स्पष्टच सांगतो, हा अंदमान नाही. तिथल्या फोटोंत दिसतं तसं काचेसारखं निळं पाणी इथे मिळत नाही. पाण्याखाली दोनतीन मीटरपर्यंत दिसलं तर नेहमीचा दिवस, पाच मीटर दिसलं तर नशीबवान दिवस. पाणी हिरवट असतं. तरी त्या हिरवट पाण्यात एकाएकी काळे पट्टे ओढलेले पिवळसर सार्जंट मेजर मासे पन्नासाच्या संख्येने समोर आले की तक्रार आठवत नाही.

नशिबाला थोडा हातभार लावता येतो. भिंतीवरचं कॅलेंडर काढा. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, ओढ जास्त, तळ ढवळलेला. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती असते, पाणी कमी हलतं. शाळेच्या भूगोलात हे पाठ केलेलं असतं, उपयोग इथे होतो. कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत अशी: तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. तेव्हा शक्य असेल तर अष्टमीच्या जवळचा, आणि सोमवार ते गुरुवारमधला दिवस धरा. २४ डिसेंबर ते २ जानेवारी मी फुकट नेलं तरी जाणार नाही. एवढ्या बोटी एकाच कपारीत दाटीवाटीने उभ्या असतात, आणि मासे शहाणे असतात.

पैसे देण्याआधी

भाव हजार-बाराशेपासून दोन-अडीच हजारांपर्यंत सांगतात. घासाघीस चालते, पण तीनशे रुपये कमी करून घेण्यापेक्षा ते तीनशे कशातून कापले जाणार आहेत ते विचारणं शहाणपणाचं. मी सरळ विचारतो: बोटीवर माणसं किती? प्रत्यक्ष पाण्यात किती मिनिटं? मास्क आणि नळी प्रत्येकाला वेगळी की एकाच्या तोंडातून काढून दुसऱ्याला? पाण्यात बरोबर माणूस उतरतो का? बोटीवर शौचालय आहे का? शेवटच्या प्रश्नाला बरेच जण हसतात. लहान बोटींवर ते नसतं, जेवायला मंकी बीच नावाच्या किनाऱ्यावर उतरवतात तिथेही भिस्त ठेवण्यासारखी सोय नसते. बायकांनी हा प्रश्न न लाजता विचारावा आणि जेटीवर निघण्यापूर्वी जाऊन यावं.

घरची मंडळी बरोबर असतील तर "फॅमिली बोट आहे ना?" हेही विचारा. नाहीतर लग्नाआधीची शेवटची पार्टी करायला आलेल्या बारा पोरांच्या मधोमध आजी बसलेल्या असतात. मी हे दृश्य पाहिलं आहे. आजींनी छान निभावलं, पण ते त्यांचं कर्तृत्व.

कागदावर "स्कूबा" लिहिलेलं असेल तर ती वेगळी गोष्ट. स्नॉर्केलिंगमध्ये पाण्यावरच तरंगायचं असतं. स्कूबामध्ये पाठीवर सिलिंडर घेऊन खाली जातात, आणि पॅकेजमधल्या स्कूबात प्रशिक्षक तुम्हाला धरून थोडा वेळ खाली नेऊन आणतो. स्कूबा केलंत तर निदान १२ तास विमानात बसू नका, एकाहून जास्त डाइव्ह केल्या तर १८ तास. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. स्नॉर्केलिंगला ही अट नाही. संध्याकाळी मोपा किंवा दाबोळीहून विमान असेल तर निवड आपोआप झाली.

पाण्याखालचा व्हिडिओ जवळजवळ कधीच पॅकेजमध्ये नसतो. पाण्यात असताना एकजण कॅमेरा घेऊन तुमच्याभोवती फिरतो, आणि वर आल्यावर "सर, व्हिडिओ पाहिजे?" हवा असेल तर भाव आधी ठरवा आणि क्लिप मोबाइलवर आल्याशिवाय जेटी सोडू नका. एकदा "रात्री पाठवतो" वर विश्वास ठेवून मी अजून वाट बघतो आहे.

आदली रात्र आणि सकाळ

आदल्या रात्री शॅकवर बसायचं तर बसा, पण हिशेबाने. हँगओव्हर आणि हलती बोट यांचं जमत नाही.

ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना बोट लागणारच असं धरून चाला. अव्होमिन किंवा तत्सम गोळी निघण्याआधी तासभर तरी पोटात गेली पाहिजे. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबर बाहेर येते. ही गोळी झोप आणते आणि दारूबरोबर ती झोप धोकादायक होते, म्हणून गोळी घेतलेल्याने त्या दिवशी बिअर सोडायची. बीपी, दमा, हृदयाचा त्रास, गरोदरपण असं काही असेल तर गोळी आणि पाण्यात उतरणं, दोन्ही डॉक्टरांना विचारून. आलेपाक खिशात ठेवा, किंचित मळमळीला तो पुरतो. न्याहारी हलकी: केळं, टोस्ट, इडली. भाजी-पाव आणि मिरचीभजी परत आल्यावर.

कपडे नायलॉनचे. सुती टी-शर्ट आणि जीन्स पाणी पिऊन दगड होतात. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट सगळ्यात उत्तम, कारण पालथं पडून तरंगताना ऊन नेमकं मानेवर, पाठीवर आणि पोटऱ्यांच्या मागे बसतं, जिथे सनस्क्रीन लावायचं कुणालाच सुचत नाही. अंगठ्या, मंगळसूत्र, कानातलं हॉटेलवर. पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी कधी निसटली कळत नाही. गाडीची रिमोटवाली किल्ली दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत. मोबाइलचं गळ्यातलं पाउच आधी आत टिश्यू पेपर घालून बादलीत बुडवून बघा. पेपर कोरडा राहिला तरच मोबाइल.

बादली काढलीच आहे तर अजून एक. स्वतःचा मास्क आणि नळी असेल तर हॉटेलच्या बाथरूममध्ये बादलीत तोंड घालून दोन मिनिटं तोंडाने श्वास घ्यायचा सराव करा. घरचे हसतील. हॉटेलात तलाव असेल तर अर्थातच तिथे.

बोटीवर

चढल्या चढल्या लाइफ जॅकेट. ते अंगावर घालून सगळे बकल लावायचे, मग कुणालातरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगायचं. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते पाण्यात तुमच्या डोक्यावरून निघून जाईल. पट्टे आवळा किंवा लहान मापाचं मागा. मुलाला मोठ्याचं जॅकेट देत असतील तर त्या बोटीत बसू नका. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले, २५ डिसेंबर २०२४ ला कळंगुटला बोट उलटून एक जण गेला. दोन्ही वेळा किनारा लांब नव्हता. गरम होतं, फोटोत वाईट दिसतं, तरी काढायचं नाही.

बसायला मधली किंवा मागच्या बाजूची जागा धरा. पुढचं टोक सगळ्यात जास्त उचललं जातं, आणि सेल्फीवाले तिथेच जातात. इंजिनाच्या धुराच्या वाटेवरही नको. मळमळायला लागलं की मोबाइल आत आणि नजर क्षितिजावर. उलटी आलीच तर खलाशाला सांगून वाऱ्याच्या खालच्या बाजूला. वाऱ्याच्या दिशेने तोंड करून ओकणाऱ्याला बोट दिवसभर विसरत नाही.

डॉल्फिन सकाळच्या वेळी नदीच्या मुखांच्या आसपास दिसतात. हे हम्पबॅक जातीचे, करड्या पाठीचे. सिनेमातल्यासारख्या उड्या मारत नाहीत, पाठ दाखवून श्वास घेतात आणि बुडी मारतात. पाचसहा बोटी मागे लागल्या की ते लांब जातात. तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, "इंजिन बंद करून थांबूया" म्हणून बघा. मी म्हटलं तेव्हा तो थांबला, आणि दोन डॉल्फिन बोटीच्या जवळूनच गेले.

याच सुमाराला बिअरचा ट्रे फिरतो. मान हलवून "नंतर" म्हणायचं. बोटीवरचा साठा परतीपर्यंत संपत नाही, आणि तुमच्या वाटणीची बाजूला ठेवायला सांगितलं तर पोरं ठेवतात. गोव्यात दारू पिण्याचं कायदेशीर वय २१ आहे, हे पुतण्या-भाच्यांना आधीच सांगून ठेवा.

पाण्यात

बोट बेटाच्या आडोशाला नांगर टाकते. इथे गर्दीत मागे राहू नका. पहिल्या पाचसात जणांत उतरायचं, कारण तेव्हा पाणी ढवळलेलं नसतं आणि मदतनीस पोराचं लक्षही ताजं असतं.

मास्क निवडताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हळूच हवा आत ओढा. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर तो तुमच्या चेहऱ्याचा. पडला तर दुसरा घ्या. पट्टा करकचून आवळून गळका मास्क दुरुस्त होत नाही, उलट रबर दुमडून जास्त गळतो. कपाळावरचे केस रबराखाली येऊ देऊ नका. मिशीवाल्यांनी मिशीवर वरच्या बाजूने व्हॅसलिनचा पातळ हात फिरवावा. मला हे दुसऱ्या खेपेला एका खलाशाने सांगितलं आणि पहिल्या खेपेचं सगळं रडगाणं उलगडलं. चष्मा मास्कमध्ये बसत नाही. नंबर जास्त असेल तर नंबरचा मास्क मिळतो. थोडाथोडका नंबर असेल तर तसंच उतरा, पाण्यात मास्कमधून वस्तू एक तृतीयांशाने मोठ्या आणि पाव अंतराने जवळ दिसतात. यामुळेच परत आल्यावर प्रत्येकाने पाहिलेला मासा हातभर लांब असतो.

आता काचेवर थुंकायचं. हो, आतल्या बाजूला. बोटाने पसरायचं आणि समुद्राच्या पाण्यात एकदा विसळायचं, म्हणजे काचेवर वाफ धरत नाही. कसंसंच वाटतं त्यांनी बेबी शाम्पूचा एक थेंब आणावा.

नळीचं रबर ओठांच्या आत, दातांमध्ये हलकं धरायचं. घाबरलेला माणूस ते करकचून चावतो आणि दहा मिनिटांत जबडा दुखतो. शिडीने उतरा, उडी मारू नका. एक हात दोरीवर किंवा ट्यूबवर ठेवून आधी फक्त तोंड पाण्यात घाला. पहिल्या दोन श्वासांना मेंदू ओरडतो, पाण्यात तोंड आहे आणि श्वास कसला घेतोस? तिसऱ्या-चौथ्याला गप्प बसतो. श्वास सावकाश आणि खोल घ्या. भराभर आणि उथळ घेतलात तर नळीतली तीच वापरलेली हवा आतबाहेर होते आणि जीव घाबरा होतो. नळीत पाणी शिरलं तर मेणबत्ती विझवल्यासारखी जोरात "फू" करायची, पाणी वरून उडून जातं. फुंकायलाही हवा उरली नसेल तर तोंड वर काढा, नळी काढा, खोका, पुन्हा घाला. यात लाज काही नाही, सगळे तेच करत असतात.

मग काहीही करायचं नाही. हीच सगळ्यात अवघड पायरी. जॅकेट तुम्हाला तरंगवतं, पोहता येण्याची गरज नसते, तरी नवखा माणूस सायकल मारल्यासारखे पाय मारतो. काकांना बोटीवरच्या वेंगुर्ल्याच्या पोराने सांगितलेलं मला तसंच आठवतं: "काकानू, पाय हलवू नकात. गप रवा. मासे आपसूक येतत." काका गप राहिले. दोन मिनिटांत त्यांच्या हाताच्या पंज्याखालून पट्टेवाल्या माशांचा थवा गेला, त्यामागून खडकाला तोंड लावून कुरतडणारा एक पोपटमासा. काकांनी वर न बघता फक्त एक बोट वर केलं, "इकडे या" म्हणून.

खडकावर उभं राहू नका. त्याला चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात, आणि फटींत काळे काटेरी सी अर्चिन असतात. त्याचा काटा पायात मोडला की उरलेली सुट्टी लंगडत काढायची. जिथे प्रवाळ आहे तिथे तर पाय लागूच नये, तो दगड दिसला तरी जिवंत असतो आणि बोटभर वाढायला वर्षं घेतो. पाव टाकून मासे गोळा करणारे खलाशी भेटतील. मी "नको" म्हणतो. पावाला आलेले मासे रेल्वे फलाटावरच्या कबुतरांसारखे वागतात, बघण्यात काही मजा नाही. जेलीफिशचा चटका बसला तर चोळू नका, बाटलीतलं गोडं पाणी ओतू नका. वर येऊन खलाशाला दाखवा, समुद्राच्या पाण्यानेच धुवा. श्वास लागला, सूज पसरली तर किनाऱ्यावर जायची घाई करायची, जेवणासाठी थांबायचं नाही.

दर मिनिटाला एकदा डोकं वर काढून बोट कुठे आहे ते बघा, आणि जोडीदार कुठे आहे तेही. थंडी वाजायला लागली, पोटरीत गोळा आला, की वर या. "अजून पाच मिनिटं" मधले बहुतेक अपघात टाळता येण्यासारखे असतात.

आणि आता बिअर

वर आलात, मिठाने ओठ चुरचुरताहेत, भूक लागली आहे. आधी अर्धा लिटर साधं पाणी. मग मंकी बीचवर किंवा बोटीवरच मासा, चिकन, भात, सॅलड जे काही असेल ते. जेवणाबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा, आणि तरीही पिशवीत खाकरे किंवा चिवडा असू द्या. गळ टाकायला देतात त्याला सहसा काही लागत नाही. लागला तर बोटीवर एवढा आरडाओरडा होतो की मासाच घाबरून सुटतो.

तुमच्या वाटणीची बिअर आता मागा. जॅकेट अंगात, नाचायचं असेल तर मधल्या मोकळ्या जागेत, कठड्यावर चढून नाही. बिअर उघडली की त्या दिवसापुरतं पाणी बंद. बोट पुन्हा कुठे थांबली आणि कुणी "चल एक डुबकी" म्हणालं तरीही. या एका बाबतीत मी मित्रांशी भांडतो.

परतताना उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते, डीजेवर कोंबडी पळत असते, अर्धी बोट पेंगलेली असते. उतरताना मदतनीस पोराच्या हातात टिप वेगळी द्या, पॅकेजच्या पैशातलं त्याच्या वाट्याला फार येत नाही. स्कूटरने आला असाल तर न प्यायलेल्याने चालवायची, तसा कुणी उरला नसेल तर टॅक्सी. हॉटेलवर मास्क गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, उन्हात रबर कडक होतं. कानात पाणी राहिलं तर मान वाकवून एका पायावर उड्या, काडी घालू नका.

रात्री आडवे झालात की पलंग हळूहळू डोलतो आहे असं वाटेल. बिअर न घेतलेल्या काकांनाही वाटलं होतं. सकाळपर्यंत थांबतं.